धाब्यावर बसवलेले

मराठीच्या वर्गात 'धाब्यावर बसवणे' हा वाक्प्रचार आला की मुलांच्या डोळ्यांपुढे हमरस्त्याकडेचा, बाजा टाकलेला जेवणाचा धाबा उभा राहतो. नियम धाब्यावर बसवणे म्हणजे नियमाची चांगली सरबराई करणे, असेही एका उत्तरपत्रिकेत आमच्या वाचनात आले आहे. त्यात मुलांचा दोष नाही. ज्यांनी धाबे पाहिलेच नाही, त्यांना त्यावर काय बसते हे कसे कळावे? वऱ्हाडात आणि खानदेशात ज्याला धाबे म्हणतात आणि मराठवाड्यात माळवद, ते मातीचे सपाट छत होय. घरात जे रोज लागत नाही, पण टाकूनही देववत नाही, ते धाब्यावर जाते. पऱ्हाट्या, गवऱ्या, मोडकी बाज, फुटका माठ, नातवंडांनी टाकून दिलेली तीनचाकी सायकल. वर गेलेली वस्तू दिसत नाही आणि न दिसणारी वस्तू आठवत नाही. वाक्प्रचाराचा अर्थ आम्हांला कोशात शोधावा लागला नाही, तो आमच्या डोक्यावरच होता.

धाब्यावर काय काय बसवता येते याची आमची कल्पना मात्र अपुरी होती. खुद्द धाबेच धाब्यावर बसवता येते, हे आम्ही पुढे पाच वर्षांत करून दाखवले. त्याचा हा हिशेब आहे.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात, पैनगंगेपासून फार लांब नाही. घर आजोबांनी बांधलेले. समोर ओसरी, मग माजघर, उजव्या हाताला स्वयंपाकघर, मागे परस. भिंती मातीच्या, दीड हात जाड. आत सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलच म्हणजे लाकडाच्या चिपाट्यांचे दाट आच्छादन. त्यावर कडुलिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांत वर वीतभर पांढरी माती. धाबे सपाट म्हणायचे एवढेच. नीट पाहिले तर त्याला ईशान्येकडे हलका उतार होता. उताराच्या टोकाला भिंतीबाहेर हातभर पुढे आलेली पत्र्याची पन्हळ होती. साऱ्या छतावरचे पाणी त्या एका पन्हळीतून परसात पडे. पावसाळ्यात तिच्या आवाजावरून आजोबा झोपेतही पाऊस किती झाला ते सांगत.

इथे पांढरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या गावव्यवस्थेत शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणत, त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) हे दोन शब्द अभ्यासकांना भेटतात. पांढरी हे नुसते नाव नव्हे, ती खरोखरच वेगळी माती असते. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींचा गाळ मिसळून गावठाणाची माती करडी, मऊ, पिठासारखी होते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. कपाशीला ते मानवते, छताला नाही. पांढरी फारशी फुगत नाही. चोपली की दबते, आणि पहिल्या एक-दोन सरींत तिचे बारीक कण बसून वर एक सलग साय धरते. पाणी मुरण्याआधी त्या सायीवरून घरंगळून जाते. म्हणून काळीवर पिकवायचे आणि पांढरीखाली राहायचे, अशी ही वाटणी होती. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांच्या गढ्या याच मातीपायी नाहीशा झाल्या. गढीचा बुरूज ढासळला की गावाने ती माती टोपल्या-टोपल्यांनी नेली आणि आपापल्या धाब्यावर पसरली. वाड्याचे वैभव संपले ते शंभर घरांच्या डागडुजीत गेले, असे अण्णा म्हणत. अण्णा म्हणजे आमचे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते मराठी शिकवीत.

धाब्याच्या घराचा एक करार असतो. ते उन्हाळ्यात गार राहते, थंडीत ऊब धरते, गावातल्याच मातीने आणि गावातल्याच हातांनी उभे राहते. मोबदल्यात वर्षातून एकदा ते माणसाला वर बोलावते. रोहिण्या लागल्या की, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, अण्णा शिडी लावून धाब्यावर चढत. हातात खराटा, कमरेला पंचा. उगवून वाळलेले गवत मुळासकट उपटायचे, उंदरांची बिळे ओल्या मातीने बुजवायची, जिथे माती वाहून खोलगट झाले असेल तिथे चार टोपल्या पांढरी टाकून चोपायची, पन्हळीतला लिंबाचा पाला काढायचा. आम्ही टोपल्या वर देत असू. अर्ध्या दिवसाचे काम. मजुरी शून्य, मातीची किंमत शून्य, संध्याकाळी सगळ्यांना आमरस. मृगाचा पहिला पाऊस आला की अण्णा घरभर फिरून वर पाहत. एखादा किलच काळा पडलेला दिसला की खडूने खाली खूण करीत आणि पाऊस उघडला की पुन्हा वर.

आम्ही त्या कामाला काम मानत नव्हतो, तो उन्हाळ्याच्या सुटीचा शेवटचा खेळ होता. अण्णांनी तसे कधी बोलून दाखवले नाही, पण आज वाटते की ते वर्षातून एकदा घराची प्रकृती पाहत होते. दुरुस्ती त्या पाहण्याच्या ओघात होऊन जात होती.

अण्णा २००८ साली गेले. तोवर आम्ही तिघे तीन दिशांना गेलो होतो. थोरला नागपुरास बँकेत, मधली नाशकास सासरी, धाकटा पुण्यास महाविद्यालयात. आई गावातच राहिली. घर तिचे होते, परसातली मोसंबी तिची होती, समोरच्या घरातली जाऊ तिची होती. तिने पुण्यात येऊन काय करायचे होते? आणि खरे सांगायचे तर, ती गावात आहे म्हणून आमचेही गाव शिल्लक होते.

पहिल्या वर्षी रोहिणीत कोणी वर चढले नाही. सुतकाचे वर्ष होते. दुसऱ्या वर्षी थोरल्याची बदली होती, धाकट्याच्या उत्तरपत्रिका होत्या. घराने काही तक्रार केली नाही. अण्णांनी तीस वर्षे घातलेली माती दोन वर्षे पुरली. इथेच माणूस फसतो. निगा न राखल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून निगेची गरजच नव्हती असे वाटू लागते. ज्या खात्यातून आपण खर्च करतो आहोत त्यात भर कोण घालत होते, हे पैसे संपेपर्यंत कळत नाही.

२०१० च्या पावसाळ्यात पन्हळ निखळली. माकडांनी ओढली असे आई म्हणाली. नवी पन्हळ मेहकरच्या बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळाली असती, बसवायला मिस्त्रीची अर्धी रोजी. आईने फोनवर सांगितले. आम्ही म्हणालो, "पाहू."

'पाहू' हा मराठीतला मोठा चमत्कारिक शब्द आहे. धातू पाहण्याचा, पण अर्थ न पाहण्याचा. रूप भविष्यकाळाचे, पण त्यातले भविष्य कधी वर्तमान होत नाही. आणि पुरुष प्रथम, वचन अनेक. एकट्याने 'पाहीन' म्हटले तर निदान कोण पाहणार हे ठरते. 'पाहू' म्हटले की ती जबाबदारी घरभर सारखी पसरते, आणि सारखी पसरलेली जबाबदारी कोणाच्याच अंगाला लागत नाही. थोरल्याला वाटे, धाकटा दिवाळीत जाणारच आहे. धाकट्याला वाटे, थोरला जवळ आहे. मधलीला वाटे, माहेरच्या घरात आपण बोलावे तरी किती. तिघांचेही खरे होते. पन्हळ मात्र परसात मोसंबीच्या बुंध्याशी पडून होती.

पन्हळ नसली की काय होते ते आम्हांला पुढे गावातल्या जुन्या मिस्त्रींनी समजावून सांगितले. पन्हळ पाणी भिंतीपासून हातभर दूर नेऊन टाकते. ती गेली की तेच पाणी भिंतीच्या अंगावरून उतरते. मातीची भिंत कोरडी असेपर्यंत दगडासारखी असते. भिजली आणि वाळली, पुन्हा भिजली आणि वाळली, की तिचा गिलावा सुटतो. उघड्या मातीत पाणी आणखी आत शिरते. त्या भिंतीत तुळईचे टोक बसवलेले असते, ते दमट राहू लागते. दमट लाकडाला उधई लागते. तुळईचे टोक आतून पोकळ होऊन दोन बोटे खाली बसते. तुळई बसली की तिच्यावरचे धाबे तिथे खोलगट होते, आणि साऱ्या छताचे पाणी आता वाहून जायचे सोडून नेमके तिथेच साचते. म्हणजे पहिल्या वर्षी जे पाणी भिंतीवरून निदान वाहत तरी होते, ते तिसऱ्या वर्षी डोक्यावर मुक्काम करू लागते. "पानी पडून नाही मारत, मास्तर," मिस्त्री म्हणाले, "पानी मुक्कामानं मारते."

हे सारे आम्हांला तेव्हा माहीत नव्हते, असे म्हणून सुटता आले असते. पण गळते आहे हे माहीत होते. २०११ च्या पावसात माजघराच्या कोपऱ्यात थेंब पडू लागला. आईने खाली परात ठेवली. फोनवर मागे परातीचा आवाज येई आणि आई म्हणे, "फार नाही रे गळत. परात ठेवली की झालं." तिच्या त्या 'झालं'वर आम्ही विसंबलो. आईबाप मुलांना आपल्या अडचणी नेहमी कमी करून सांगतात, आणि मुलांना तो कमी केलेला आकडा खरा मानणे सोयीचे असते. त्या दिवाळीत आम्ही घरी गेलो तेव्हा परात जागेवर नव्हती, कारण पाऊस नव्हता. कोरड्या ऋतूत गळके घर आणि शाबूत घर सारखेच दिसते. आमच्या सगळ्या सुट्या कोरड्या ऋतूत येत.

तरी काही केले नाही असेही नाही. त्या दिवाळीत ताडपत्री आणून त्या कोपऱ्यावर अंथरली, कडेला दगड ठेवले. ताडपत्रीखाली ओल अडकली, उंदरांना घर मिळाले. पुढच्या वर्षी एका ठेकेदाराने सुचवले म्हणून त्या कोपऱ्यावर सिमेंटचा कोबा टाकून घेतला. साडेचार हजार रुपये लागले आणि आम्ही तिघांनी ते तत्परतेने वाटून घेतले. मातीचे छत उन्हापावसात हलते, श्वास घेते. कोबा हलत नाही, तडकतो. तडीतून पाणी आत जाते आणि सिमेंटखालून ते वाळू शकत नाही. शिवाय कुजत्या तुळईवर कोब्याचे वजन वाढले ते वेगळेच. ती दुरुस्ती नव्हती, पैसे देऊन घेतलेली मुदतवाढ होती. टाळाटाळीचे दोन प्रकार असतात असे आता वाटते. एक काही न करण्याचा आणि दुसरा भलतेच काही करण्याचा. दुसरा अधिक वाईट, कारण त्यानंतर मन स्वस्थ होते.

२०१३ च्या पावसाळ्यात विदर्भात पाऊस उदंड झाला. आमच्याकडे संततधारेला झड म्हणतात. आषाढात अशीच एक झड लागली, सूर्य दिसेना. पहाटे ईशान्येचा कोपरा बसला. आधी कोबा एकसंध खाली आला, त्यामागून भिंतीचा सहा-सात हातांचा भाग बाहेरच्या अंगाला परसात कोसळला. आई ओसरीवर निजली होती. तिने त्या वर्षी आपली बाज तीनदा हलवली होती, हे आम्हांला नंतर शेजारच्या काकूंनी सांगितले. आधी कोपऱ्यातून माजघराच्या मध्यावर, तिथून दाराशी, दारातून ओसरीवर. घर तिला एकेक पाऊल बाहेर काढत होते आणि ती त्याचा शब्द मानत होती. आम्हांला मात्र तिने त्यातले काही सांगितले नाही. काय सांगणार? आम्ही पाहूच म्हणालो असतो.

तिला खरचटलेही नाही. गावातले लोक धावले. दुपारपर्यंत तिघेही पोचलो. पाच वर्षांत तिघे एकाच दिवशी त्या घरात पहिल्यांदा उभे होतो.

आता खर्चाचे. नवी पन्हळ आणि मिस्त्रीची अर्धी रोजी धरून २०१० साली चारशेच्या आत काम होते. २०११ त तुळईचे टोक आणि कोपऱ्याची माती मिळून सात-आठ हजार लागले असते. २०१३ त पडलेला कोपरा, दोन तुळया, भिंत आणि माजघराचे धाबे नव्याने करायला मिस्त्रींनी पावणेतीन लाखांचा अंदाज दिला, तोही सागाऐवजी लोखंडी गर्डर घालून. चारशेचे पावणेतीन लाख. कुठल्याही सावकाराचे व्याज इतके नसते. पण पैशाचा हा हिशेब ज्याला मांडता येतो त्याला उरलेलाही मांडावा लागतो, आणि तिथे आकडे थांबतात.

त्या कोपऱ्यात अण्णांची पत्र्याची पेटी होती. अण्णा चाळीस वर्षे वऱ्हाडी बोलीतले शब्द टिपत आले होते. लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून त्यांच्या ते चिठ्ठ्या करीत. एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली अर्थ, कोणत्या गावात आणि कोणाच्या तोंडून ऐकला ते, आणि तारीख. शेतीची अवजारे, नाती, शिव्या, बैलांचे रंग, पावसाचे प्रकार, घराचे भाग. नोकरी संपल्यावर कोश करायचा, असे ते म्हणत. ते राहिले. आम्ही टंकून घेऊ म्हणालो होतो. तेही राहिले. पेटीचे झाकण गंजून भोके पडली होती, आणि तीन पावसाळे वरचा थेंब तिच्यात पडत होता. परात त्याच्या शेजारी होती. पेटीत काय आहे हे आईला ठाऊक होते, पण तिला एकटीला ती हलवता येत नव्हती, आणि हलवण्यासाठी कोणाला हाक मारणे तिला जड वाटले. आम्ही पेटी उघडली तेव्हा चिठ्ठ्यांची एक ओली वीट झाली होती. शाई एकातून दुसऱ्यात उतरली होती. कडेच्या साठ-सत्तर चिठ्ठ्या तेवढ्या वाचता आल्या.

त्याच दुपारी मिस्त्री मोडलेल्या भागाकडे बोट दाखवून काय काय नवे लागेल ते सांगत होते, आणि आम्हांला त्यांचे निम्मे शब्द कळत नव्हते. तिघेही पदवीधर, एक तर मराठीचा प्राध्यापक. आपल्याच डोक्यावरच्या छताच्या भागांची नावे आम्ही परक्यासारखी विचारत होतो. ती नावे अण्णांनी लिहून ठेवली असणार, आणि ती त्या विटेत होती. या लेखात सर, किलच, पन्हळ असे जे शब्द आले आहेत, ते आम्ही त्या दिवशी मिस्त्रींकडून शिकलो.

आई त्या महिन्यात पुण्यास आली. सदनिका तिसऱ्या मजल्यावर, छत सिमेंटचे, गळती नाही. तिने कधी तक्रार केली नाही. पहिल्या पावसाळ्यात एवढेच म्हणाली, "इथं पाऊस आल्याचं कळत नाही रे." ती पुन्हा गावात राहायला गेली नाही. जाऊ म्हणून तिने दोन-तीनदा विचारले आणि आम्ही घराचे काही तरी पाहू म्हणालो. २०१९ साली ती पुण्यातच गेली. चारशे रुपयांच्या पन्हळीची पूर्ण किंमत आम्ही त्या सहा वर्षांत भरली. खरे तर ती भरली आईने.

अण्णा वर्गात 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण शिकवीत तेव्हा 'झोपा' शब्दावर थांबत. मुलांना वाटे, बैल गेला आणि धन्याने झोपा काढल्या. अण्णा सांगत की झोपा म्हणजे गोठ्याचे कुडाचे दार. ही म्हण झोपेवर नाही, न बसवलेल्या दारावर आहे. आमच्या भाषेतल्या म्हणी केवढ्या घराच्या डागडुजीतून आल्या आहेत, असे ते कौतुकाने म्हणत. आम्ही ती म्हण परीक्षेत बरोबर लिहिली होती. पूर्ण गुण मिळाले होते.

पुण्याहून गावी जाताना आम्ही जालन्यावरून सिंदखेड राजामार्गे जातो. जिजाऊंच्या माहेरचे हे गाव. तिथे १६२९ साली देवगिरीवर मारल्या गेलेल्या लखुजीराव जाधवांची भव्य समाधी, म्हणजे छत्री, आहे. लहानपणी सहलीत तिच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबे खाल्ले आहेत. २०२४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने या छत्रीच्या जतनाचे काम चालवले असता, तिथल्या आवारात जमिनीत ओळीने लावलेले दगड तज्ज्ञांच्या लक्षात आले. त्यांनी उकरून पाहिले. आधी एका जुन्या मंदिराचा पाया लागला, आणि त्या जून महिन्यात सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मोठी दगडी मूर्ती सापडली, पायांशी लक्ष्मी. ती बातमी आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. शोध घ्यायला कोणी गेले नव्हते, दुरुस्तीला गेले होते. पण दुरुस्ती करणाऱ्याला खाली पाहावे लागते, आणि पाहणाऱ्याला दगडांची ओळ दिसते. आम्ही त्याच आवारात कितीदा बसलो, आम्हांला ती दिसली नव्हती. अण्णा धाब्यावर दरसाल चढत होते त्याचा अर्थ आम्हांला त्या बातमीने अधिक उलगडला. डागडुजीत माती, दगड, लाकूड यांचा वाटा थोडा. मुख्य भाग असतो तो जवळ जाऊन पाहण्याचा. आणि डागडुजी लांबवणे म्हणजे काम लांबवणे नव्हे, पाहणे लांबवणे.

सगळेच लांबवणे वाईट असे मात्र आम्हांला म्हणायचे नाही. साहित्याच्या माणसाने तसे म्हणू नये. आमच्या मेहकरात ना. घ. देशपांडे राहत, वकिली करीत. 'शीळ' हा त्यांचा पहिला संग्रह १९५४ साली निघाला तेव्हा ते पंचेचाळिशीत होते, आणि संग्रहाचे नाव ज्या कवितेवरून आले ती त्याच्या कितीतरी आधीच ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर पोचलेली होती. 'खूणगाठी' आला १९८५ साली, आणि दुसऱ्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा कवीची पंचाहत्तरी उलटून गेली होती. अण्णा त्यांचे उदाहरण देत, कोश का होत नाही असे कोणी विचारले की. कविता थांबू शकते. तिला मुरायला वेळ लागतो आणि मुरण्याने ती बिघडत नाही. पण अण्णांनी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती, आम्ही तर मुळीच नाही. कविता थांबू शकते, ती ज्या कागदावर असते तो कागद थांबू शकत नाही, आणि तो कागद ज्या छताखाली असतो ते छत तर नाहीच. शब्दांना सवड हवी असेल तर ती डोक्यावरची माती पुरवते. आम्हां शिकल्यासवरल्या लोकांचा असा समज असतो की आपण मोठ्या कामात आहोत, म्हणून छोटी कामे राहतात. अनुभव उलटा आहे. छोटी कामे राहिली म्हणून मोठे काम ओल्या विटेसारखे हातात आले.

हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहिला. ललित निबंधात हा 'आम्ही' जुना आहे, सभ्य आहे, त्यात लेखकाचा मीपणा झाकला जातो. लिहिताना मात्र तो टोचत राहिला, कारण नेमके हेच सर्वनाम आमच्या घराच्या कोपऱ्यात गळत होते. आम्ही पाहू, आम्ही करू, आम्ही दिवाळीत बसू. त्या 'आम्ही'त तीन माणसे होती आणि एकही नव्हते. तरी तो बदलून 'मी' केला नाही. चूक तिघांची होती, आणि ती एकाने आपल्या अंगावर घेऊन मोठेपणा मिळवावा हेही बरे नव्हे. एवढेच केले आहे की त्या 'आम्ही'ची आता वाटणी करून घेतली.

घराचा पडलेला भाग पुन्हा उभा केला नाही. ओसरी आणि स्वयंपाकघर शाबूत आहेत, त्यांचे धाबे अजून मातीचेच आहे. आईच्या वर्षश्राद्धानंतर एक साधी वही केली. तिच्यात तीनच रकाने आहेत. काय बिघडले, कोण करणार, कोणत्या तारखेला. मधल्या रकान्यात एकाच माणसाचे नाव लिहायचे, 'आपण' किंवा 'सगळे' लिहायचे नाही, असा नियम मधलीने घातला. वाचता आलेल्या चिठ्ठ्याही टंकून झाल्या. ते काम तिच्या नावावर होते. दरसाल रोहिणीत एक जण गावी जातो. गेल्या खेपेस धाकट्याची पाळी होती. मिस्त्री आता थकले आहेत, खाली बाजेवर बसून सांगत होते. वर गवत उपटताना दोन बिळे सापडली, तीन टोपल्या पांढरी लागली. ती पडलेल्या भिंतीचीच माती होती, चाळून घेतली.

"पन्हळ पाह्यली का?" खालून मिस्त्रींनी विचारले.

पाहिली होती. पाला अडकला होता, तो काढला.